व्हिसा लागला म्हणजे नेमके काय झाले?

प्रवेशाच्या किंवा शिष्यवृत्तीच्या निमित्ताने आपल्यापैकी बहुतेकांनी मेहकरला खेटे घालून एक दाखला मिळविलेला असतो. त्याचे पूर्ण नाव ‘वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र’ असे आहे. आपण त्याला सरसकट ‘डोमिसाईल’ म्हणतो, फाईलला लावतो आणि विसरून जातो. मला मात्र त्या नावातील शेवटच्या दोन शब्दांनी बरेच दिवस छळले. माणूस भारतीय आहे असे एकदा लिहून दिल्यावर पुन्हा त्याचा अधिवास वेगळा कशाला सांगावयाचा? याचे उत्तर तसे सोपे आहे. आपल्या जिल्ह्याच्या उत्तरेची हद्द ओलांडली की मध्यप्रदेशातील बऱ्हाणपूरचा मुलूख लागतो. तिकडचा मुलगा आपल्याइतकाच भारतीय. परंतु महाराष्ट्राच्या अधिवासासाठी साधारणतः पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते, ते त्याच्यापाशी नाही. म्हणजे माणूस कोणत्या देशाचा आहे हा एक प्रश्न, आणि त्याचे घर कोठे आहे हा दुसरा. सरकारदरबारी या दोन प्रश्नांची खाती वेगळी आहेत.

एवढी गोष्ट ध्यानात ठेवली तर परदेशगमनाच्या संदर्भात जे शब्द हल्ली खेड्यापाड्यांतही ऐकू येतात (व्हिसा, स्टेटस, ग्रीन कार्ड, पी. आर., सिटिझनशिप) त्यांचा गुंता सुटू लागतो. हा लेख लिहिण्याचे कारणही तेच आहे.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतील एक आबाजी कागदांची पिशवी घेऊन आमच्या ओट्यावर आले. गल्लीत कॉलेजात जाणारा मी एकटा, म्हणून बँकेच्या पत्रापासून विजेच्या बिलापर्यंत सारे माझ्याकडे येते. आबाजींचा मुलगा बारा वर्षांपासून अमेरिकेत संगणकाच्या नोकरीत आहे. आबाजींनी मुंबईच्या अमेरिकन वकिलातीत मुलाखत दिली होती आणि त्यांच्या पासपोर्टावर व्हिसा लागून आला होता. ते म्हणाले, “दहा वर्साचा लागला म्हने. मंग वावर दहा वर्सासाठी मक्त्यानं देऊन टाकू का?”

मी पासपोर्ट पाहिला. दहा वर्षांची मुदत खरी होती. पण त्या मुदतीचा अर्थ आबाजींनी लावला तो नव्हता, आणि खरे सांगायचे तर मलाही तो तेव्हा नीट ठाऊक नव्हता. पुढील पंधरा दिवस मी या विषयामागे लागलो, त्यातून हाती आलेले येथे मांडतो.

आरंभ पासपोर्टापासून करू. पासपोर्ट, अर्थात पारपत्र, आपला देश आपल्याला देतो. ‘हा माणूस आमचा आहे’ एवढे तो जगाला सांगतो. आपल्याकडे 1967 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परदेशप्रवास हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला आणि त्याच वर्षी पासपोर्टाचा कायदा झाला. म्हणून कायद्यात सांगितलेल्या कारणांवाचून सरकार पासपोर्ट नाकारू शकत नाही. व्हिसाचे तसे नाही. व्हिसा देतो तो दुसरा देश, आणि त्यावर आपला काडीचाही हक्क नसतो. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘पाहिलेला कागद’ असा आहे. आमच्या माणसाने तुमची कागदपत्रे पाहिली आहेत, तुम्ही दारापर्यंत येऊ शकता, इतकाच त्याचा मतलब. दारात पोहोचल्यावर आत किती दिवस राहू द्यावयाचे हे तेथे उभा असलेला अधिकारी ठरवितो.

आबाजींचा घोटाळा येथेच होता. अमेरिकेच्या पाहुणेव्हिसावर छापलेली दहा वर्षे ही दार ठोठावण्याची मुदत आहे. या दहा वर्षांत त्यांनी कितीही वेळा जावे. परंतु प्रत्येक खेपेला विमानतळावर जी मुक्कामाची तारीख मिळते, ती बहुधा सहा महिन्यांची असते. ही तारीख ‘आय-94’ नावाच्या नोंदीत असते, पासपोर्टावरील मोठ्या रंगीत चिकटपट्टीवर नव्हे. आणि लोक नेमकी चिकटपट्टीच जपून ठेवतात. मुक्कामाची तारीख उलटून एक दिवस जरी राहिले तरी तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द समजला जातो. एकशेऐंशी दिवसांहून अधिक राहून परत निघाले तर तीन वर्षे, आणि वर्षभर किंवा अधिक राहून निघाले तर दहा वर्षे प्रवेशबंदी, असा 1996 पासूनचा तेथील कायदा आहे. आबाजींनी वावर दहा वर्षांसाठी दिले असते तर सातव्या महिन्यात त्यांना ना तेथे राहता आले असते, ना येथे पेरता!

याची उलट बाजूही आहे आणि ती मला अधिक महत्त्वाची वाटते. व्हिसा संपला म्हणजे राहण्याची परवानगी संपलीच असे नाही. नोकरीवर गेलेल्या माणसाचा मुक्काम त्याचा मालक तेथल्या तेथे अर्ज करून वाढवून घेतो. मुक्काम वाढतो, पण पासपोर्टावरचा व्हिसा जुनाच राहतो. तो मनुष्य तेथे पूर्णपणे कायदेशीर असतो. नोकरी करतो, कर भरतो. फक्त एकदा देशाबाहेर पाऊल टाकले की परत जाण्यासाठी त्याला वकिलातीत नवा व्हिसा लावून घ्यावा लागतो. त्या राहण्याच्या परवानगीलाच ते लोक ‘स्टेटस’ म्हणतात. आपण या शब्दाचा अर्थ ‘मानमरातब’ असा करतो, म्हणून “त्याचे स्टेटस गेले” हे वाक्य आपल्याला भलतेच काही सांगते.

आबाजींची पत्नी मे 2021 मध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत वारली. मुलगा अंत्यविधीला तर नाहीच, तेरवीलाही आला नाही. गावाने बोल लावला. आईपेक्षा डॉलर मोठा झाला असे चारचौघांत, आबाजींच्या देखत, बोलले गेले. त्यांत आमच्या घरची माणसेही होती, हे मी लपवीत नाही. पिशवीतील जुने कागद चाळताना मला त्या मुलाच्या पासपोर्टाची छायाप्रत सापडली. त्याचा नोकरीचा व्हिसा 2019 मध्येच संपलेला होता. मुक्काम मात्र वाढवून मिळालेला होता. आणि 4 मे 2021 पासून अमेरिकेच्या अध्यक्षांच्या हुकुमाने, आधीचे चौदा दिवस भारतात राहिलेल्या, तात्पुरत्या व्हिसावरील लोकांना प्रवेश बंद झाला होता. तो हुकूम नोव्हेंबरच्या 8 तारखेला उठला. तात्पुरत्या लोकांतही काहींना सूट होती, पण साध्या नोकरीवाल्याने ती मिळेल असे धरून निघणे अवघड होते. शिवाय त्या दिवसांत वकिलातींची नेहमीची कामेही बहुतांशी थांबलेली होती. तो निघाला असता तर बायको आणि दोन मुले तिकडे, हा इकडे, आणि नोकरी बहुधा गेलेली, असे झाले असते. त्याच हुकुमात ग्रीन कार्ड असलेल्यांना आणि अमेरिकेच्या नागरिकांना मोकळीक होती. म्हणजे एकाच कचेरीत शेजारी बसणाऱ्या दोघा मराठी मुलांपैकी एक आईच्या तेरवीला येऊ शकत होता आणि दुसरा नाही, आणि फरक होता तो फक्त कागदाच्या जातीचा.

हा फरक समजून घेण्यास आपल्या इतिहासाच्या अभ्यासक्रमातील दोन शब्द उपयोगी पडतात असे मला वाटते. मराठेशाहीत देशावरील गावांत मिरासदार आणि उपरी असे दोन प्रकारचे कुणबी असत. मिरासदाराचा जमिनीवर वंशपरंपरा हक्क. तो विकता येई, मुलाला देता येई. उपरी हा बाहेरून आलेला. तोही जमीन कसे, साराही भरी, कदाचित जास्त घाम गाळी. पण त्याचा करार ठरावीक मुदतीचा, आणि ती संपली की गावाने राहा म्हटले तर राहावयाचे. परदेशी जाणारा विद्यार्थी, नोकरदार, पाहुणा हे सगळे उपरी होत. ग्रीन कार्ड किंवा पी. आर. म्हणजे मिरासदारीच्या जवळ जाणारी गोष्ट. ते मिळाल्यावर माणूस कोणत्याही मालकाकडे काम करू शकतो, नोकरी सुटली म्हणून त्याला देश सोडावा लागत नाही, आणि परत आत येण्यासाठी दर खेपेस व्हिसा लागत नाही.

दाखला मात्र पुरता जुळत नाही. मिरासदार दुष्काळात परागंदा झाला आणि बऱ्याच वर्षांनी परतला तरी आपला हक्क सांगू शकत असे. ग्रीन कार्डवाल्याने आगाऊ परवानगी न घेता वर्षाहून अधिक काळ बाहेर काढला तर त्याने घर मोडले असे समजले जाते आणि कार्ड धोक्यात येते. कॅनडात पाच वर्षांत एकूण 730 दिवस तेथे काढण्याची अट आहे. ‘कायम’ या शब्दाचा अर्थ तेथे ‘तुम्ही येथे कायम राहिलात तर’ असा आहे. शिवाय मतदानाचा हक्क या कार्डाने मिळत नाही आणि पासपोर्टही आपलाच, भारताचाच राहतो. आपल्या गावात मात्र ग्रीन कार्ड मिळाले की ‘तो अमेरिकन झाला’ असे म्हणून मोकळे होतात.

मग बारा वर्षे राहून आबाजींच्या मुलाला ते का मिळाले नाही? त्याचा अर्ज मंजूरही झालेला आहे, ही गोष्ट कोणालाच पटत नाही. अमेरिका नोकरीच्या मार्गाने वर्षाला साधारण 1,40,000 ग्रीन कार्डे देते, त्यांत बायकामुलेही मोजली जातात. आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सर्वसाधारणपणे त्यातील शेकडा सातच मिळतात. म्हणजे 9,800. मग तो देश छोटासा असो की भारत असो. येथे नागरिकत्व पाहत नाहीत, जन्मस्थान पाहतात. भारतीय आईबापांचा मुलगा कुवेतमध्ये जन्मला असेल तर त्याची गणना कुवेतच्या रांगेत. आबाजींचा मुलगा जानेफळला जन्मला म्हणून भारताच्या. अर्ज ज्या दिवशी दाखल होतो ती तारीख म्हणजे रांगेतील नंबर. तिला ‘प्रायॉरिटी डेट’ म्हणतात, आणि कोणत्या तारखेपर्यंतचे नंबर लागले हे तेथील परराष्ट्र खाते दरमहा जाहीर करते. 2025 साली उच्चशिक्षित भारतीय नोकरदारांच्या मुख्य वर्गांत 2012-13 च्या तारखांचे नंबर चालू होते. रेशनच्या दुकानापुढे उभे राहिलेल्या माणसाला ही व्यवस्था समजावून सांगावी लागत नाही. फक्त येथे रांगेत उभा असताना मुलगा किंवा मुलगी एकवीस वर्षांची झाली की ती बापाच्या अर्जातून गळते (काही महिन्यांची वजावट कायद्याने मिळते, एवढेच) आणि तिला स्वतःचा वेगळा व्हिसा शोधावा लागतो. आबाजींची थोरली नात सोळा वर्षांची आहे.

नोकरीचा जो व्हिसा या मुलाकडे आहे त्याला ‘एच-1बी’ म्हणतात. तो तीन वर्षांचा, फार तर सहा. अर्ज मंजूर होऊन रांगेत असलेल्यांना त्यापुढेही वाढवून मिळतो. नव्याने जाणाऱ्यांसाठी सप्टेंबर 2025 मध्ये एक लाख डॉलर शुल्काचे फर्मान निघाले, हे वर्तमानपत्रांतून सर्वांनी वाचलेच असेल.

पूर्वीच्या काळी हे सोपे होते असे कोणी म्हणेल, तर त्याने आपल्याच विदर्भातील पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे चरित्र पाहावे. वर्ध्याचा हा तरुण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात देशाबाहेर पडला तेव्हा आजच्यासारखी व्हिसाची पद्धत नव्हती. ती पहिल्या महायुद्धाच्या काळात रुजली. त्यांनी अमेरिकेत शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले आणि गदर चळवळीच्या उभारणीत भाग घेतला. त्यानंतर अमेरिकेची दारे आपल्या लोकांना लागत गेली. 1917 च्या कायद्याने हिंदुस्थानातून येणाऱ्यांना बंदी झाली, आणि 1923 मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हिंदी माणूस ‘गोरा’ नसल्यामुळे नागरिक होऊ शकत नाही असा निकाल दिला. पुढे 1946 मध्ये नागरिकत्वाची वाट मोकळी झाली, पण वर्षाला भारतातून फक्त शंभर जणांची मर्यादा घालून. ती व्यवस्था 1965 च्या कायद्याने बदलली.

खानखोजे 1924 च्या सुमारास मेक्सिकोला गेले आणि चापिंगो येथील शेतकी विद्यालयात प्राध्यापक झाले. मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केले. दिएगो रिव्हेरा या जगप्रसिद्ध चित्रकाराने मेक्सिकोच्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर रंगविलेल्या एका चित्रात ते भाकरी वाटून देताना दिसतात. अशा माणसाने स्वातंत्र्यानंतर भारतात येण्यासाठी व्हिसा मागितला, तो प्रथम नाकारण्यात आला! इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीत त्यांचे नाव होते आणि राज्य बदलले तरी यादी बदललेली नव्हती. पुढे तो अडथळा दूर झाला, ते परतले, नागपुरात राहिले आणि तेथेच 1967 मध्ये वारले. वर्ध्याच्या माणसाला नागपूरला येण्यासाठी व्हिसा लागावा, ही गोष्ट मी वाचली तेव्हा ‘राष्ट्रीयत्व’ आणि ‘अधिवास’ हे दोन शब्द दाखल्यावर वेगळे का असतात हे मला खऱ्या अर्थाने कळले.

आपल्या भागातून अमेरिकेपेक्षा आखाती देशांत जाण्याचे आमिष अधिक दाखविले जाते, म्हणून तिकडील शब्दांबद्दल चार ओळी लिहितो. तेथे वर्षानुवर्षे चालत आलेली रीत अशी की कामगाराचा व्हिसा त्याच्या मालकाशी, म्हणजे कफीलाशी, बांधलेला असतो. काही देशांनी अलीकडे ही बांधणी सैल केली आहे. राहण्याच्या परवान्याला सौदी अरेबियात ‘इकामा’ म्हणतात. सामान्य कामगार तेथे तीस वर्षे राहिला तरी उपरीच राहतो. मिरासदारीची रांगच नाही. दलाल ज्याला ‘आझाद व्हिसा’ म्हणतात तो कायद्यात कोठेही नाही. कागदोपत्री एकाच्या नावावर जावयाचे आणि काम दुसरीकडे शोधावयाचे, असा तो प्रकार. पकडले गेल्यावर दंड आणि परतपाठवणी कामगाराची होते, दलालाची नाही. ‘आधी व्हिजिट व्हिसावर जा, मग कामाचा करून देऊ’ हे वाक्यही तसलेच. मेहकर भागातील एका मुलाने या वाक्यावर घरची दोन एकर जमीन गहाण टाकली आणि तीन महिन्यांत तो परत आला. वास्तविक आपल्याकडे 1983 च्या उत्प्रवास कायद्याने भरती करणाऱ्यास सरकारी नोंदणी सक्तीची केली आणि त्याने उमेदवाराकडून घ्यावयाच्या मेहनतान्याची मर्यादा नियमांनी 30,000 रुपये अधिक कर अशी ठरविली. दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टावर ‘ई. सी. आर.’ असा शेरा येतो आणि ठरावीक अठरा देशांत नोकरीस जाण्यापूर्वी त्यांना उत्प्रवासी संरक्षकाची मंजुरी घ्यावी लागते. हा शेरा पुष्कळांना अपमान वाटतो. तो अडाण्याला दलालापासून वाचविण्यासाठी आहे.

आता शेवटची पायरी, नागरिकत्व. ग्रीन कार्डानंतर साधारण पाच वर्षांनी अमेरिकेत त्यासाठी अर्ज करता येतो. तेथे शपथ घेतली की त्याच क्षणी भारताचे नागरिकत्व संपते. आपल्या राज्यघटनेच्या नवव्या कलमाचा आणि 1955 च्या नागरिकत्व कायद्याचा रोख तोच आहे. दोन देशांचे नागरिकत्व भारत मानत नाही. गोव्यात 1961 पूर्वी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालच्या कायद्याने नागरिकत्वाची वाट ठेवली, ती हजारो गोवेकरांनी घेतली आणि येथले मत गमावले, ते याच नियमाने.

अशा लोकांसाठी 2005 च्या दुरुस्तीनंतर ‘ओ. सी. आय.’ हे कार्ड निघाले. त्याच्या नावात ‘सिटिझन’ हा शब्द आहे आणि त्यामुळे सुशिक्षितही फसतात. प्रत्यक्षात तो भारतात येण्याचा जन्मभराचा व्हिसा आहे. त्यावर मत देता येत नाही, निवडणूक लढविता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलोपार्जित जमीन वारशाने मिळू शकते. शेतजमीन खरेदीचे हे बंधन परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकासही आहे. मात्र त्याचे मत शाबूत असते, 2010 च्या दुरुस्तीनुसार पासपोर्टावरील पत्त्याच्या गावी नाव नोंदवून आणि मतदानाला स्वतः हजर राहून ते देता येते.

आबाजींना मी हे सर्व एका दमात सांगितले नाही. त्यांना वावरापुरते आणि मुलापुरते सांगितले. शेजारचे चार एकर मुलाच्या नावाने घेण्याचा त्यांचा बेत होता, तो त्यांनी सोडला. वावर त्यांनी एका वर्षासाठीच मक्त्याने दिले, आणि परतीचे तिकीट सहाव्या महिन्याच्या आतले काढले. 2021 चा तो हुकूम मात्र त्यांनी मला दोनदा वाचावयास लावला. तारीख पुन्हा विचारली. मग म्हणाले, “हे त्यानं मले सांगतलंच नाही कधी.” आणि पिशवीतील मुलाच्या पासपोर्टाची ती छायाप्रत काढून त्यांनी बंडीच्या खिशात घडी करून ठेवली.